‘यूके वर्क व्हिसा, हमखास’ : जाहिरात छापण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या छोट्या जाहिरातींत गेले काही महिने एक मजकूर थोड्याफार फरकाने दिसतो आहे : ‘यूके वर्क व्हिसा, स्पॉन्सरशिपसह. नोकरीची अट नाही. हमखास.’ मी कोव्हेंट्रीजवळच्या एका मध्यम आकाराच्या इंजिनीअरिंग कंपनीत एचआरचं काम करते. परदेशातून येणाऱ्या इंजिनीअरांच्या स्पॉन्सरशिपची सगळी कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात. म्हणून सांगते, ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची पहिली अटच नोकरी आहे. नोकरीशिवाय हा व्हिसा म्हणजे नवरदेवाशिवाय लग्नाची पत्रिका छापण्यासारखं आहे.

क्रम असा असतो. कंपनीने आधी होम ऑफिसकडून, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडून, परदेशी माणसं नोकरीवर आणण्याचा परवाना, म्हणजे स्पॉन्सर लायसन्स मिळवायचं. त्यासाठी कंपनी खरी आहे का, धंदा चालू आहे का, माणसांची नोंद नीट ठेवते का, हे तपासलं जातं. मग जागा निघाली, मुलाखत झाली, माणूस पसंत पडला, की त्याच्यासाठी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप. आम्ही त्याला सीओएस म्हणतो. उमेदवार परदेशात असेल तर या एकेका सीओएससाठी कंपनीला होम ऑफिसकडे वेगळी मागणी नोंदवावी लागते : काम कोणतं, पगार किती, तास किती, याच माणसाची गरज का. मंजुरी मिळते ती त्या कामापुरती. त्यामुळे एजंट सांगतात तसे परदेशातल्या माणसांसाठीचे ‘शिल्लक सीओएस’ कुठल्याही कंपनीच्या कपाटात पडून नसतात.

आणि सीओएस हा कागद नसतोच. सरकारी संगणकप्रणालीतली ती एक नोंद असते आणि उमेदवाराला लागतो तिचा क्रमांक. नोंद भरताना पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवावं लागतं, कामाच्या जागेचा पत्ता द्यावा लागतो, आठवड्याचे तास आणि वर्षाचा पगार लिहावा लागतो, शिवाय व्यवसायाचा चार अंकी कोड. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा 2134, सिव्हिल इंजिनीअरचा 2121. या कोडवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण प्रत्येक कोडला पगाराचा दर ठरवून दिलेला आहे. 22 जुलै 2025 पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पौंड झाला. कोडचा दर त्याहून जास्त असेल तर तो द्यायचा. नुकतेच शिक्षण संपवलेल्यांना आणि अशाच काही गटांना सूट आहे, पण तीही ठरावीक मर्यादेपर्यंतच. त्याच दिवसापासून साधारणपणे पदवीच्या पातळीचीच कामं पात्र उरली. खालच्या पातळीची मोजकी कामं तात्पुरत्या यादीत आहेत, एवढंच.

हे इतक्या बारकाईने लिहायचं कारण एक ईमेल. एका तरुणाने कुठून तरी माझा पत्ता मिळवून मला ‘सर्टिफिकेट’ची पीडीएफ पाठवली आणि विचारलं, ‘ताई, हे ओरिजिनल आहे ना?’ वर ब्रिटिश राजमुकुटाचं चिन्ह, खाली गोल शिक्का, निळ्या शाईची सही, कडेला सोनेरी वेलबुट्टी. खऱ्या सीओएसवर यातलं काहीही नसतं. पद लिहिलं होतं ‘वेअरहाऊस एक्झिक्युटिव्ह’, पगार 26,000 पौंड, तारीख गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली. गोदामातलं काम, तो पगार आणि ती तारीख यांचा मेळ बसणं शक्यच नव्हतं. तसं कळवल्यावर त्याचं उत्तर आलं : ‘पण ताई, एजंट म्हणतो आतून सेटिंग आहे. निम्मे पैसे भरलेत.’ त्याने पुढे काय केलं ते त्याने मला कळवलं नाही.

निम्मे पैसे कसले, हेही वाचकांना कळायला हवं. लायसन्सचा खर्च कंपनीचा. सीओएसची फी, जी एप्रिल 2025 मध्ये 525 पौंड झाली, तीही कंपनीची. त्यावर इमिग्रेशन स्किल्स चार्ज म्हणून एक रक्कम असते. मोठ्या कंपनीला ती माणशी वर्षाला 1,000 पौंड होती, डिसेंबर 2025 मध्ये 1,320 झाली. हीसुद्धा कंपनीनेच भरायची. यातलं काही कामगाराकडून वसूल केल्याचं उघड झालं, तर लायसन्स जाण्याची वेळ येते. म्हणजे ‘सीओएसचे पैसे’ म्हणून कुणी उमेदवाराकडे लाखांत रक्कम मागत असेल, तर तो व्यवहार पहिल्या रुपयापासून बेकायदा आहे. सीओएस खरा असला तरीही.

उमेदवाराच्या खिशातून जाणारे पैसे वेगळे, आणि तेही थोडेथोडके नाहीत. व्हिसाची फी आणि आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम. हा अधिभार फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड आहे आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. नवरा-बायको तीन वर्षांसाठी येणार असतील तर नुसत्या अधिभाराचे 6,210 पौंड. (डॉक्टर, नर्स वगैरेंना हेल्थ अँड केअर व्हिसावर यातून सूट आहे.) काही चांगल्या कंपन्या हाही भार उचलतात. नोकरी पत्करण्याआधी हे लेखी विचारून घेण्यात लाज कसली?

आता जाहिरातीत कधीच न येणारी बाजू. माणूस इथे आल्यावर त्याच्यावर नजर ठेवायचं काम सरकारने कंपनीवर सोपवलं आहे, म्हणजे माझ्यासारख्यांवर. स्पॉन्सर केलेला कर्मचारी परवानगीशिवाय सलग दहा कामाचे दिवस आला नाही, तर मला होम ऑफिसला कळवावं लागतं. पगार कमी झाला, कामाची जागा बदलली, नोकरी सुटली, तरी तेच. त्याच्या शेजारी बसणाऱ्या ब्रिटिश सहकाऱ्याच्या बाबतीत असं काहीही करावं लागत नाही. मला हे काम आवडत नाही, पण न केलं तर लायसन्स जाईल आणि मग स्पॉन्सर केलेले सगळेच रस्त्यावर येतील.

लायसन्स गेल्यावर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. गणेशोत्सवात ओळख झालेली एक मुलगी, मराठवाड्यातली, नर्सिंग झालेली. 2023 मध्ये वृद्धांच्या देखभालीच्या कामावर केअर वर्कर म्हणून आली. आठवड्याला 39 तासांचं काम कबूल केलं होतं. प्रत्यक्षात कधी त्याच्या निम्मं, तर कधी त्याहून कमी. वर घरोघरी जायला मालकाचीच गाडी वापरायची, आणि तिचं भाडं पगारातून कापून घ्यायचं. तक्रार करायची तर कुणाविरुद्ध? ज्याच्या लायसन्सवर आपण इथे राहतो त्याच्याविरुद्ध. ती गप्प राहिली. पुढे दुसऱ्याच कशावरून तरी होम ऑफिसने त्या मालकाचं लायसन्स रद्द केलं, आणि पत्र आलं हिला : 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. चूक मालकाची, मुदत हिला. ती रोज संध्याकाळी फोनवर स्पॉन्सरांच्या यादीतली नावं एकेक करून बघायची आणि अर्ज पाठवायची.

ती एकटी नव्हती. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात केअर क्षेत्रातली 470 हून अधिक स्पॉन्सर लायसन्सं रद्द झाली आणि त्यांच्याशी 39,000 हून अधिक कामगार जोडलेले होते, हा ब्रिटिश सरकारचाच आकडा आहे. म्हणूनच एप्रिल 2025 पासून इंग्लंडमधल्या केअर मालकांनी नवा माणूस स्पॉन्सर करण्याआधी अशा उघड्यावर पडलेल्या कामगारांमध्ये शोध घ्यायचा, असा नियम आला. आणि 22 जुलै 2025 ला परदेशातून केअर वर्कर म्हणून येण्याचा मार्ग पूर्ण बंद झाला. तरीही आपल्या अंकात त्यानंतर ‘यूके केअर व्हिसा, बारावी पास’ अशी जाहिरात आली होती. कात्रण सोबत पाठवत आहे.

मालकाशी बांधलेली ही गाठ लवकर सुटतही नाही. आजवर पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येत असे. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ती मुदत दहा वर्षांवर नेण्याचा मनोदय जाहीर केला. तोवर कंपनी बदलायची तर नव्या कंपनीचा नवा सीओएस आणि नवा अर्ज, पुन्हा फी आणि पुन्हा अधिभार.

हे सगळं वाचून मुलांनी इथे येऊ नये, असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे नागपूरचा एक मुलगा डिझाइन विभागात आहे. त्याला एकही एजंट लागला नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरची जागा बघून त्याने अर्ज केला, व्हिडिओवर दोन मुलाखती दिल्या, बस.

आपल्याला माझी विनंती जाहिरात विभागापुरती आहे. लायसन्स असलेल्या सगळ्या स्पॉन्सरांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. तिच्यात कंपनीचं नाव, गाव, दर्जा आणि कोणत्या व्हिसासाठी लायसन्स आहे, हे सगळं असतं, आणि ती वरचेवर अद्ययावत होते. स्पॉन्सरशिपची जाहिरात घेताना काउंटरवरच्या माणसाने एवढंच विचारावं : स्पॉन्सर कंपनीचं नाव काय? ते नाव यादीत असेल आणि जाहिरातदार ते छापायला तयार असेल, तरच जाहिरात घ्यावी. यादीत नाव असलं म्हणजे तिथे जागा रिकामी आहे असं नव्हे, पण निदान वाचकाला त्या कंपनीला थेट ईमेल करून विचारता तरी येईल. ज्यांना नाव द्यायचं नाही, त्यांच्याकडे द्यायला नावच नसतं, हा माझा अनुभव आहे.

माझ्या कामाचं स्वरूप पाहता कृपया माझं नाव छापू नये.

आपली,
एक वाचक, कोव्हेंट्री