लोणच्याच्या बरणीखालचं पत्र

कोल्हापूर, शुक्रवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बरणीखाली ठेवलंय, कारण नको म्हटलं तरी बाबांचा सकाळचा पहिला हात तिथंच जातो. तुम्ही वाचाल तेव्हा मी राधानगरी ओलांडून फोंडा घाटाला लागलेली असेन. तोंडावर सांगायला हवं होतं, कळतंय मला. आठवडाभर रोज जेवताना सांगणार होते, आणि आईनं भाकरी वाढली की घासाबरोबर विषयही गिळत होते.

मी कर्लीच्या खाडीत कायाकिंगला चाललेय. मालवणकडं, देवबागच्या मागच्या अंगाला. आम्ही नऊ जण आहोत, रविवारी रात्री घरी. पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. (हे बाबांसाठी.)

आता घाबरू नका. बाबा, तुम्ही पुरात गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडल्याचं रंगवून सांगता ना? काहिलीला पुढं नाही, मागं नाही, ती गरगर फिरते. कायाक निदान सरळ जाते. पोकळ प्लॅस्टिकची असते, वर बसायचं, आणि वर आलेलं पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जातं. भोकं म्हटल्यावर आई दचकली असेल. अगं, त्या आरपार नळ्या असतात, होडीच्या पोटात पाणी शिरत नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. अंगात जॅकेट, ते पाण्यातून बाहेर येईपर्यंत काढायचं नाही. भरती लागली की तिच्याबरोबर आत नदीकडं जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, म्हणजे निम्मं काम पाणीच करतं. कर्ली समुद्राला मिळते त्या तोंडाकडं मात्र जायचं नाही, हे मी विचारायच्या आधीच नेणाऱ्या लोकांनी फोनवर सांगितलं. आम्ही आतल्या बाजूला, कांदळवनाच्या कडेकडेनं. तिथं म्हणे वल्ह्याचाच काय तो आवाज.

आणखी एक. गेले दोन महिने मी योगाला जात नव्हते. पोहायच्या टँकवर जात होते. रागावू नका. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नाकातोंडात पाणी गेलं, पण चौथ्या दिवशी पाय आपोआप हलायला लागले. बाबा, घाटावर पाठीला डबा बांधून तुम्ही पंचगंगेच्या पाच नद्या म्हणायला लावायचात, आठवतंय? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, एकेका नावाला एक हात. सरस्वती गुप्त, म्हणून तिच्या वेळी डोकं पाण्याखाली. टँकवरही तेच म्हणत होते. शिकवणाऱ्या पोराला वाटलं, बाई जप करतायत.

भाऊकाका गेल्यावर ते बंद झालं. कुणी बंद केलं असं मी म्हणत नाही. आई, शिवाजी पुलावरून जाताना तू अजून नदीकडं बघत नाहीस. २०१९ ला बोटीतून नेलं तेव्हा तू डोळे मिटून माझी करंगळी धरली होतीस, दोन दिवस दुखत होती ती. बाबा पावसाळाभर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत बसतात, ३९ फुटांला इशारा, ४३ ला धोका, आणि त्या आकड्यांवर आपण सामान माळ्यावर चढवतो. पाणी आपल्या घरात येतं, मी मात्र पाण्यात जायचं नाही, हे किती वर्षं चालवायचं? तुम्हाला दुखवायला नाही लिहीत. तुमची परवानगी मागितली असती तर तुम्ही दिली असती आणि रात्रभर जागे राहिला असता. त्यापेक्षा हे बरं वाटलं. चुकलंही असेल.

आता ऐका. गोळ्या स्टीलच्या डब्यात, सकाळच्या लाल झाकणात, रात्रीच्या पांढऱ्या. बाबा, साखरेची गोळी घेऊन मगच चहा. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जायचं नाही, मला कोण ना कोण सांगतंच. आई, गुडघ्याला शेक घे आणि दळणाचा डबा स्वतः उचलू नकोस. शेजारच्या काकूंचा मुलगा दोन्ही दिवस संध्याकाळी डोकावेल, त्याला चहाचा आग्रह करू नका, त्याला अभ्यास आहे. फ्रीजमध्ये आमटी आहे, कणीक मळून ठेवलीय. झोपताना गॅसचा बटण खालून बंद. पाण्यात फोन नेणार नाही, म्हणून दुपारपर्यंत लागला नाही तर लगेच दादाला पुण्याला फोन करून त्याला रडवू नका. काठाला आले की पहिला फोन घरी.

येताना आईला सोडे आणते. आणू ना? आणतेच.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, तुमचा घाटावरचा तो निळा पंचा मी घेतलाय. कपाट उपसत बसू नका.