तवसाळच्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

लेकीच्या साखरपुड्याची अंगठी काल तयार होऊन घरी आली. तुम्ही पैशाला हात लावला नाहीत, आंब्यांच्या पेटीतले चार ठेवून बाकीचे परत पाठवलेत आणि "माझं नाव कुठे लिहू नकोस" असं बजावलंत. नाव लिहीत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

जयगडला फेरीबोटीत चढले तेव्हा पर्समध्ये हिऱ्याच्या रिपोर्टची झेरॉक्स होती आणि मनात खडा जवळपास पक्का झाला होता. ५० सेंटचा, म्हणजे बरोबर अर्धा कॅरेट. दुकानात काळ्या मखमलीवर तो असा झगमगला होता की आम्ही दोघी मायलेकी गप्पच झालो. विक्रेत्याने रिपोर्टवरच्या 'एक्सलंट' या शब्दावर बोट ठेवलं होतं. तुम्ही पडवीत चष्मा लावून कागद वाचलात आणि विचारलंत, "हे एक्सलंट कशापुढे लिहिलंय ते बघितलंस?" ते पॉलिशपुढे होतं. कटपुढे, म्हणजे खडा किती नेमक्या मापात कापलाय त्यापुढे, नुसतं 'गुड' होतं. एक्सलंट, व्हेरी गुड, मग गुड; म्हणजे तिसरी पायरी. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकी संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंट खड्यांना कटची श्रेणी देते, आणि ती पॉलिश व सिमेट्रीपासून वेगळी वाचायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही खड्याच्या आकृतीवरचे आकडे पेन्सिलीने गोल केलेत. एकूण खोली ६४.५ टक्के. वरच्या भागाचा कोन ३६ अंश, तळाचा ४१.६. सुरतेच्या कारखान्यात वरच्या भागाला मथाळा आणि खालच्याला तळिया म्हणतात, हे तुमच्याकडूनच कळलं. "दोन्ही चढे आहेत. एक चढा असता तर दुसऱ्याने सांभाळून घेतलं असतं," म्हणालात.

काका, मी अठ्ठावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. पूर्ण आंतरिक परावर्तन दर वर्षी फळ्यावर काढलं. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२, म्हणून क्रांतिक कोन, म्हणजे ज्याहून तिरपा पडलेला किरण बाहेर न जाता आतच परततो तो, फक्त २४.४ अंश, हे मला तोंडपाठ. पण त्या आकड्यावर कुणाची तरी मजुरी, कुणाचे तरी पैसे अवलंबून असतात, हे तुमच्या पडवीत बसून पहिल्यांदा समजलं. वरून आलेला किरण तळाच्या एका बाजूवर आदळतो, तिथून समोरच्या बाजूवर, आणि तिथून वर डोळ्यांकडे. दोन्ही कोन चढे असले की काही किरण समोरच्या बाजूवर २४.४ अंशांहून कमी कोनाने पडतात आणि तळातूनच निसटतात. बेल्जियन अभियंते मार्सेल टॉल्कोव्स्की यांनी १९१९ साली हेच गणित मांडलं होतं: वर ३४.५ अंश, खाली ४०.७५. तुम्हांला ते नाव ठाऊक नव्हतं. आकडे मात्र दशांशासकट तोंडात होते.

"मग असा कापतातच कशाला?" असं मी विचारलं. तुम्ही थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "वजनासाठी. ५० सेंट गाठला की भाव एकदम चढतो. कच्च्या मालातून तेवढं राखायचं तर पोट खोल ठेवायचं. घंटीवर, हिरे घासायच्या चाकावर, मीसुद्धा असे खडे घासलेत, शेठ सांगेल तसे." हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी चाललं असतं. पण सांगितलंत, म्हणून तुमच्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

आणि नुसतं सांगून थांबला नाहीत. पुढच्या आठवड्यात खिशात आयग्लास, म्हणजे हिरे बघायचं भिंग, घालून स्वतः दुकानात आलात. आधी खडा पुसून घ्यायला लावलात, कारण हिऱ्याला बोटांचं तेल चटकन लागतं. मग छतातल्या त्या छोट्या तेज दिव्यांखालून उठून आम्हांला दारापाशी, पावसाळी उजेडात नेलंत. "त्या दिव्याखाली कसलाही खडा चमकेल." मी बघितलं, आणि टेबलाच्या, म्हणजे खड्याच्या माथ्यावरच्या सपाट पैलूच्या, कडेखाली मळकट काचेसारखं एक कडं दिसलं. आठवडाभर मी ज्याचं कौतुक करत होते त्याच खड्यात ते होतं! खडा जरा कलता करून उथळ तळ कसा ओळखायचा तेही दाखवलंत: टेबलातून गर्डलचं, म्हणजे खड्याच्या कमरेवरच्या कडेचं, पांढरं वर्तुळ माशाच्या डोळ्यासारखं दिसलं तर तो उथळ.

नंतर तुम्ही ४७ सेंटचा दुसरा खडा मागवलात. खोली ६१.८, कोन ३४.५ आणि ४०.८, कट एक्सलंट. मोजपट्टीवर दोन्हींची रुंदी जवळजवळ सारखी निघाली, पाच मिलिमीटरला किंचित कमी. जास्तीचे तीन सेंट पहिल्या खड्याच्या पोटात होते. बोटात घातल्यावर ते दिसणारच नव्हते. दारातल्या उजेडात हा दुसरा खडा असा लखलखला की लेकीने आपणहून हात पुढे केला. किंमतही कमी पडली. गर्डलवरचा लेझरने कोरलेला नंबर आयग्लासमधून तुम्ही मला वाचायला लावलात, रिपोर्टशी जुळवून घेतलात, आणि तो नंबर जीआयएच्या संकेतस्थळावर तपासल्याशिवाय मला पैसे देऊ दिले नाहीत.

साखरपुडा गणपतीनंतर आहे. काकूंना घेऊन सकाळच्या पहिल्या फेरीने या. अंगठी आधी तुमच्या हातात देईन. आयग्लास घेऊन या. लेकीच्या सासूबाईंना गर्डलवरचा तो नंबर बघायचाय.

आपली नम्र,
नवऱ्या मुलीची आई
रत्नागिरी