तारा काढून ठेवायची जागा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

तीस वर्षं इतिहास शिकवला आणि जवळजवळ तितकीच वर्षं गॅदरिंगची नाटकं बसवली. त्यामुळे हिटलर आमच्याकडे किती सहज वावरतो ते मी जवळून पाहिलंय. वेशभूषा स्पर्धेत दोन-तीन शिवाजी, एक झाशीची राणी, एक भाजीवाली आणि अधूनमधून काजळाची चौकोनी मिशी लावलेला एखादा हिटलर. मिशी सोपी पडते ना! पालक टाळ्या वाजवतात. कडक मास्तरला मुलं हिटलर म्हणतात, कडक सासूला सुना. माझ्या पाठीमागे 'हिटलरबाई' चालायचं आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. वर्गात दरारा आहे असं वाटायचं. शिक्षकांच्या खोलीत एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाई होत्या, मूळच्या रेवदंड्याकडच्या. ते नाव निघालं की त्या मान खाली घालून वह्या तपासायला घेत. हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

आलं तेव्हा ठरवलं, हिटलरच्या नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नववीच्या मुलांना नाटकातून शिकवायचा. कसा शिकवला ते ऐका, कारण पत्र त्यासाठीच आहे.

वर्गाचे दोन गट केले. एका गटाच्या छातीवर नाझी ज्यूंना सक्तीने लावायला लावत तसे पिवळ्या कार्डपेपरचे सहा टोकांचे तारे टाचणीने लावले, दुसऱ्या गटाला शिट्ट्या दिल्या. तारेवाल्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, डबा उघडायचा नाही, काही विचारायचं नाही. अर्ध्या तासाने गट बदलायचे होते. वीस मिनिटांतच मला थांबवावं लागलं. शिट्टीवाल्यांना मजा येत होती. एका मुलीचा तारा कोणीतरी ओढला, टाचणी तिच्या खांद्याला लागली, आणि हसणाऱ्यांत माझा सगळ्यात समजूतदार विद्यार्थी होता. तारेवाली मुलंसुद्धा कळवळली वगैरे नव्हती. शिट्टी आपल्या हातात कधी येते याची ती वाट बघत होती. तारे वाटताना मी आडनावं पाहिली नव्हती. मुलांनी पाहिली. आपला डबा दुसऱ्याच्या डब्याशेजारी चालत नाही, हे त्यातल्या दोघा-तिघांना माझ्या नाटकाआधीच माहीत होतं.

पुढे वाचनात आलं की वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट (म्हणजे हाच संहार) स्मृती संग्रहालय शिक्षकांना नेमकं हेच करू नका म्हणतं. हेतू कितीही चांगला असला तरी वर्गात छळछावणीचं सोंग नको. मुलांना वाटतं आपण ते भोगून पाहिलं, आणि प्रत्यक्षात त्यांच्या हाती खेळ तेवढा लागतो. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं होती. हे वीस मिनिटांत भोगून बघायची गोष्टच नाही.

मोठ्या नाटककारांनाही हा पेच पडला होता. फ्रँकफर्टमध्ये १९६३ ते १९६५ आउश्विट्झ या नाझी मृत्युछावणीच्या कर्मचाऱ्यांवर खटला चालला. त्यातल्या जबान्यांवरून पेटर वाइस यांनी 'तपास' हे नाटक रचलं आणि १९ ऑक्टोबर १९६५ला ते दोन्ही जर्मनींतल्या अनेक रंगमंचांवर एकाच दिवशी आलं. वाइस यांनी प्रयोग करणाऱ्यांना बजावलं होतं की कोर्टाचा देखावासुद्धा उभा करू नका, मग छावणी तर दूरच. साक्षीदार बोलतील, बाकीच्यांनी ऐकायचं. याउलट नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीच्या डायरीवरचं १९५५चं ब्रॉडवेचं नाटक. 'माणसं मनातून चांगलीच असतात' या तिच्या वाक्यावर ते येऊन संपतं. ते वाक्य तिने जुलै १९४४मध्ये लिहिलं, ४ ऑगस्टला तिला पकडलं आणि १९४५च्या सुरुवातीला ती बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत मेली. प्रेक्षक डोळे पुसून हलका होऊन घरी जातो. मला त्या हलकेपणाचीच धास्ती वाटते.

मग शाळेत काय करायचं? मला उत्तर सापडलं ते पोलंडच्या वॉर्सात, आणि ते निघालं आपल्याच देशातलं.

यानुश कोर्चाक हे मुलांचे डॉक्टर आणि लेखक. वॉर्सातल्या ज्यू अनाथाश्रमात त्यांनी मुलांचं न्यायालय चालवलं होतं. मोठ्यांवरही तिथे फिर्याद करता यायची आणि खुद्द डॉक्टरांनाही त्याच्यापुढे उभं राहावं लागलं होतं. नाझींनी ज्यूंना भिंतीआड कोंडल्यावर हा आश्रमही आत गेला. भूक, टायफस, रस्त्यावर प्रेतं. तशात १८ जुलै १९४२ रोजी आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं.

आपण वाचलं असेलच. अमल आजारी आहे. वैद्याने बाहेर पडायला बंदी केली आहे. तो खिडकीशी बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवतो. दहीवाल्याला म्हणतो, तुझी हाळी मला शिकव. पांचमुडा डोंगराखाली शामली नदीकाठच्या त्याच्या गावाला न जाताच ते गाव त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. समोर राजाचं डाकघर उघडलंय, एक दिवस मलाही राजाचं पत्र येईल म्हणून तो वाट बघतो. शेवटी राजवैद्य येतो आणि सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो.

मुलांना मरण शांतपणे स्वीकारता यावं म्हणून कोर्चाकनी हे नाटक निवडलं, असं सांगतात. असेलही. मला मात्र तो दहीवाला विसरता येत नाही. भिंतीआडच्या, पोट रिकामं असलेल्या पोरांपैकी कोणीतरी दह्याची हाळी दिली असेल आणि खिडकीतल्या पोराने ती घोळवून घोळवून म्हटली असेल. ती मरणाची तयारी म्हणवत नाही मला.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्साहून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुरू झाल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का आणि सुमारे दोनशे मुलं त्याच वाटेने गेली.

दुसरं उदाहरण तेरेझीनच्या छावणीतलं. हान्स क्रासा यांची 'ब्रुंडिबार' ही मुलांची संगीतिका तिथे सप्टेंबर १९४३पासून पंचावन्न वेळा झाली. आजारी आईसाठी दूध हवंय म्हणून बाजारात गाणारी दोन भावंडं, त्यांना हाकलणारा पेटीवाला, आणि त्याला पळवून लावणारी चिमणी, मांजर, कुत्रा नि गावातली पोरं. १९४४मध्ये रेडक्रॉसची माणसं पाहणीला आली तेव्हा नाझींनी हाच प्रयोग त्यांना दाखवला. बघा, मुलं किती मजेत आहेत! क्रासांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आउश्विट्झला मारलं. या प्रयोगांतून वाचलेल्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे : रंगमंचावर असेपर्यंत मुलांना छातीवरचा पिवळा तारा काढून ठेवायची मुभा होती.

हे वाचलं त्या दिवशी मी शाळेच्या कपाटातून उरलेला पिवळा कार्डपेपर काढून फेकला. मुलांना तारा काढता यावा अशी ती एकच जागा होती, आणि मी नेमकी तिथेच तो लावत होते.

तेव्हा महोदय, माझं मागणं मोठं नाही. शाळांच्या कार्यक्रमांत आणि बालनाट्य स्पर्धांत छळछावण्यांचे देखावे, गणवेश, गॅसच्या खोल्या मुलांकडून करून घेऊ नयेत, एवढी सूचना निघावी. या मुलांचं नाटक करायचंच असेल तर त्यांनी जे केलं ते करावं. 'डाकघर' सरळ, साधं, आपल्या गावच्या बोलीत. दहीवाला आपल्याकडचाच. शेवटी पडद्यापुढे एका मुलीने येऊन हे नाटक १८ जुलै १९४२ला कोणी, कुठे केलं आणि पुढे त्यांचं काय झालं ते वाचावं. दोन मिनिटं. पार्श्वसंगीत नको, मेणबत्त्या नकोत. दहावीच्या मुलांनी आजवर अभ्यासलेल्या 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' या धड्यात कीर्तन, भारूड, तमाशा, नाटक सगळं आहे. अभ्यासक्रम पुन्हा होईल तेव्हा तिथे अर्ध्या पानात कोर्चाक आणि त्यांची मुलं बसतील. आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक तास यासाठी द्या. माझ्यासारख्या उत्साही बाया-बाप्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांच्या हातात टाचण्या पडण्याआधी.

तारखेचीही सोय आहे. आउश्विट्झची सुटका २७ जानेवारी १९४५ची. हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी होलोकॉस्टच्या स्मरणासाठी ठरवला आहे. आदल्या दिवशीच्या झेंडावंदनाचा मांडव आमच्याकडे दुसऱ्या दिवशीही उभाच असतो, मांडववाल्याला सवड नसते. खुर्च्याही तिथेच असतात. मी निवृत्त झाले, पण शाळा अजून तालमीला बोलावते. अमल सापडलाय, नाटकातली फुलवाली पोर सुधाही सापडली आहे. दहीवाल्याचा आवाज मात्र अजून गल्लीबाहेर जात नाही, त्यावर काम चालू आहे. आपण जरूर या. भाषण ठेवलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
जि. सातारा