केल्सोचे बँकर

प्रिय बाळ्या,

हे तुलाच लिहितोय कारण तू इगतपुरीत रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलायस, बाकी कुणाला यात काय इंटरेस्ट असणार. इकडे कॅलिफोर्नियात मोहावे वाळवंटात केल्सो म्हणून एक गाव आहे, म्हणजे होतं म्हण, आता वस्ती जवळपास नाहीच. आणि ते वसलं कशासाठी माहितीये? बँकर, म्हणजे चढावर गाडीला जोर द्यायची जादा इंजिनं, लावायला!

१९०५ ला लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक लाईन झाली तेव्हा हे नुसतं सायडिंग नंबर १६, म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ. नावसुद्धा म्हणे कामगारांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून काढलं, जॉन केल्सोची निघाली. इथून पुढे सीमा नावाच्या स्टेशनपर्यंत अठरा-एकोणीस मैल सलग चढ, दोन हजार फूट वर जायचं, २.२ टक्के म्हणजे साधारण ४५ ला १, ४५ फूट पुढे गेलं की १ फूट वर. तू लगेच म्हणशील आमचा कसाऱ्याचा थळ घाट ३७ ला १ आहे, मान्य रे, पण इथे उन्हात एवढं लांब चढायचं आणि वाफेच्या इंजिनाला पाणी तर सारखं लागणार. जवळ झरा होता म्हणून पाणी इथेच, जादा इंजिनं इथेच, मग ती चालवणारी माणसं, त्यांची बायकापोरं, शाळा, सगळं आलंच.

१९२४ चा डेपो, म्हणजे स्टेशनची इमारत, अजून उभा आहे, कमानींचा, स्पॅनिश थाटाचा, वाळवंटात एवढी देखणी बिल्डिंग बघून चक्रावायला होतं. आत क्रूला झोपायला खोल्या आणि खाली चोवीस तास चालणारा लंच काउंटर, त्याला सगळे बीनरी म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्या व्हल्कन खाणीतलं लोखंड इथून फॉन्टानाच्या कारखान्याला जायचं, तेव्हा वस्ती दोन हजाराच्या आसपास गेली होती. बाजूला दोन कोठड्यांचा लोखंडी पिंजरा आहे, तो तुरुंग! दारुड्यांना रात्रभर त्यात टाकायचे म्हणे. बिचारे.

मग डिझेल आलं. पाणी नको, बँकर नको, गाव कशाला हवं. बीनरी तेवढी १९८५ पर्यंत तगली, नंतर रेल्वे कंपनी डेपो पाडायलाच निघालेली, लोकांनी बोंबाबोंब केली म्हणून वाचला आणि २००५ ला तिथे नॅशनल पार्कवाल्यांनी व्हिजिटर सेंटर केलं.

आता गंमत ऐक, त्याच लाईनवर, त्याच १९०५ साली, लाईन बांधणाऱ्या कंपनीनेच मे महिन्यात प्लॉट लिलावात काढून अजून एक गाव वसवलं, ते लास वेगास. पाणी तिथेही होतं, इंजिनंही होती, पण त्याला पुढे हूव्हर धरण मिळालं, जुगार कायदेशीर झाला, केल्सोला खाणीनंतर काहीच मिळालं नाही. नशीब म्हणायचं की काय कळत नाही, मला तरी केल्सोच जास्त आवडलं.

युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मालगाड्या केल्सोवरून अजून जातात, लांबच लांब, पण थांबत नाहीत. तू येशील तेव्हा डिसेंबर-जानेवारीत ये, उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघतो. आणि काकांना विचारून कळव ना, कसाऱ्याला बँकर नक्की मागूनच लावतात ना, इथल्या एकाला मी तसं छातीठोक सांगून बसलोय.

तुझा,
नित्या