तुमच्या चार पानांबद्दल आभार

आदरणीय ताई,

कॅटेनेनच्या, म्हणजे साखळीच्या कड्यांसारख्या एकमेकांत अडकलेल्या दोन वलयांच्या रेणूच्या, कृतीवर तुम्ही लिहून पाठवलेल्या चार पानांबद्दल हे जाहीर आभार. छापील पद्धतीत ‘तांब्याचा क्षार घाला, ढवळा’ एवढेच असते. घालताना डोळ्यांनी काय पाहायचे, ते तुमच्या पानांत सापडले.

१९८३ मध्ये स्ट्रासबुर्गला रसायनशास्त्रज्ञ सोवाज आणि दीत्रिश-ब्युशेकर यांनी तांब्याचा हा साचा वापरला. एकसंयुजी तांब्याला चतुष्फलकी मांडणी हवी असते, म्हणून ते दोन फिनँथ्रोलिन (तांब्याला धरणारे रेणूचे तुकडे) एकमेकांना आडवे धरून ठेवते. एक आधीच बंद वलयात, दुसरे धाग्यावर, म्हणजे टोके मोकळी असलेल्या रेणूवर. धाग्याची टोके जोडली की दोन कड्या अडकल्या.

तुमचा पहिला इशारा क्षाराबद्दल होता: टेट्राकिस-अॅसिटोनायट्राइल क्षार पांढराच हवा. निळसर-हिरवट छटा म्हणजे काही तांबे द्विसंयुजी झाले, आणि त्याला ही मांडणी मानवत नाही. म्हणून हवेपासून बचावाला आर्गॉन वायू हवाच. दुसरा इशारा वजनाचा. वलय, तांबे, धागा मोलमध्ये १:१:१. धागा जास्त पडला तर दोन धागेच एका तांब्याला धरून बसतात आणि वलय रिकामे राहते. प्रमाण बरोबर असेल तर धागा घालताच पिवळसर द्रावण गडद लाल होते. तो लाल आला नाही तर पुढे जाऊ नका, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केले होते. योग्यच केलेत!

कडी बंद करताना डीएमएफ हे द्रावक, सीझियम कार्बोनेट, ६० अंश, आणि पेंटाएथिलीन ग्लायकॉलचे डायआयोडाइड विरल द्रावणात, अगदी सावकाश. घाई केली की टोके शेजारच्या रेणूला जोडली जातात आणि शुद्धीकरणाच्या कॉलमवर न हलणारा चिकट गाळ उरतो. वलय आधी तयार असेल तर मूळ उतारा (हाती आलेले उत्पादन) ४२ टक्के होता. दोन्ही कड्या एकदम बंद केल्यावर २७.

तांबे काढायला पोटॅशियम सायनाइड. लाल रंग हळूहळू फिका पडतो. एकमेकांत अडकलेल्या कड्या तांबे सहज सोडत नाहीत, त्यामुळे साध्या संकुलापेक्षा इथे वेळ जास्त लागतो. आम्लाची बाटली त्या हूडमध्ये नकोच. उरलेले सायनाइड अल्कधर्मी हायपोक्लोराइटनेच संपवायचे. हे वाक्य तुम्ही लाल शाईने लिहिले होते.

खात्रीची खूण वस्तुमान वर्णपटात: ११३३ च्या आसपास मूळ शिखर, आणि तुटले की एकदम ५६७. मधले काहीच नाही, कारण एक कडी तुटली की दुसरी आपसूक सुटते. या एका ओळीसाठी वेगळे आभार.

रेणूच्या गाठीवरचे अर्धे पानही उपयोगी पडले. १९८९ च्या गाठीच्या तीन टक्के उताऱ्यामागे दोन लिगंडमधला (तांब्याला धरणाऱ्या तुकड्यांमधला) लवचिक ब्यूटिलीन दुवा होता. धागे पिळाऐवजी समोरासमोरही बसू शकत. त्या जागी मेटा-फिनिलीन आला आणि उतारा २९ टक्क्यांवर गेला. दुवा निवडताना आम्ही आता आधी हेच तपासतो.

आपले,
प्रयोगशाळेतील विद्यार्थी