कोथरूडच्या फ्लॅटविषयी आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

वनाज मेट्रो स्टेशनजवळचा आपला फ्लॅट नव्याने सजवून भाड्याने द्यावा आणि मुदत ठेव मोडून वाघोलीकडे आणखी एक घ्यावा, हा तुमचा विचार पत्रातून कळला. फ्लॅट भाड्याने देण्याला माझी पूर्ण संमती आहे. दुसरा घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

काल मिस्त्रींना घेऊन घर पाहिले. न्हाणीघराला लागून असलेली बेडरूमची भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओली आहे. हात फिरवला की रंगाचे पोपडे निघतात आणि खाली पांढरा खार फुललेला दिसतो. एक टाइल काढल्यावर आतला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप इतका गंजलेला निघाला, की बोटाने दाबताच त्याचे पापुद्रे सुटले. म्हणून मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगसाठी बाजूला काढलेले पैसे आधी भिंतींच्या आत घालू या. नळकाम सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपांचे करावे, न्हाणीघराची फरशी पूर्ण उचलून वॉटरप्रूफिंग करावे आणि नव्या टाइल्स बसण्यापूर्वी निदान २४ तास पाणी तुंबवून खालच्यांच्या छताला ओल येते का, ते पाहावे. टाइलवर टाइल चिकटवून देणारा ठेकेदार स्वस्तात काम करतो, पण गळती खाली उतरली की भाडेकरू घर सोडतो आणि इतक्या वर्षांचे शेजारीही दुरावतात.

वायरिंगही बदलायलाच हवे. गिझर आणि एसीला स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच यांत मी काटकसर करू देणार नाही, कारण त्या घरात कुणाची तरी लहान मुले वावरणार आहेत. हॉलमधली भिंत पाडण्यापूर्वी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेऊ. राडारोडा कुठे टाकणार, हे सोसायटी आधी विचारेल. पाऊस सुरू झाला की भिंती वाळत नाहीत, त्यामुळे काम मेअखेर आटोपायला हवे.

आता दुसऱ्या फ्लॅटचा हिशेब. समजा तो ६० लाखांना मिळाला आणि २५,००० रुपये भाडे आले, तर वर्षाचे तीन लाख कागदावर छान दिसतात. पण भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामे राहिले आणि एजंटने महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतले, की अडीच लाख उरतात, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडे वर. त्यातून मेंटेनन्स, मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचे बिनभोगवटा शुल्क आणि मिळकतकर जाणार. महापालिका स्वतः राहणाऱ्यांना देते ती ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नाही. प्राप्तिकरात महापालिकेचा कर वगळून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, पण ती ठरावीक असते. दुरुस्तीला पाच लाख लागले तरी वाढत नाही. बाबा, जागेची किंमत वाढेल हे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. पण ती वाढ विकल्यावरच हातात येते, आणि आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले तर फ्लॅट आठवड्यात विकता येत नाही. ठेव मोडता येते. तुमच्या म्हातारपणाचे पैसे तुमच्या हाताशी असावेत, एवढीच माझी तळमळ आहे.

भाडेकराराबद्दल आईने विचारले होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते. २५,००० भाडे, ७५,००० अनामत आणि २४ महिन्यांची मुदत धरली, तर मुद्रांक शुल्क सुमारे १,५४० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये होते. भाडेकरू कितीही ओळखीचा असला तरी एवढ्यासाठी तोंडी व्यवहार करू नये. पोलिसांकडे त्याची माहिती मी ऑनलाइन भरेन.

दुरुस्तीच्या परवानगीचा सोसायटीला द्यायचा अर्ज सोबत जोडला आहे. शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावे असल्याने दोघांच्याही सह्या करून तो साताऱ्याहून लगेच पाठवावा. मिस्त्रींना मी पुढच्या सोमवारचा शब्द दिला आहे.

आपली,
मीनल