गझन खानाचा सारा

तबरीझ

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. जिने मात्र चढू देऊ नका.

इथे जवळपास बघण्यासारखं काय, असं तुम्ही विचारलंत. इराणचा मंगोल राजा गझन खान, त्याची बारा बाजूंची भव्य कबर होती, ती भूकंपांत गेली. पश्चिमेकडच्या मोहल्ल्याला त्याचं नाव तेवढं राहिलंय. पण त्याच्या महसुलाबद्दल वाचतेय, आणि उभी नोकरी तलाठ्याचं दप्तर सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चंगीझ खानाचा नातू हुलागू, त्याचा हा पणतू. बौद्ध संस्कारांत वाढला, १२९५ मध्ये मुसलमान झाला आणि त्याच वर्षी इराणच्या गादीवर बसला. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला रामदेवराय होता. सुरुवातीची वर्षं रक्तानं माखलेली: बौद्ध मंदिरं पाडली, भाऊबंद मारले, ज्या नवरोज नावाच्या सरदारानं गादी मिळवून दिली त्यालाही १२९७ मध्ये ठार केलं. हे विसरून त्याचं कौतुक मला करता येत नाही.

राज्य हाती आलं तेव्हा तिजोरी रिकामी होती. आधीच्या गेखातू खानानं १२९४ मध्ये चिनी पद्धतीचं कागदी चलन काढलं, तर इथला बाजारच बंद पडला. खेड्यांत तर एकच कर वर्षातून अनेकदा वसूल व्हायचा. वसुलीवाले येताना दिसले की माणसं गाव सोडून पळायची, जमिनी पडीक राहायच्या.

गझननं गावोगावची आकारणी करून घेतली. सारा किती आणि कोणत्या हप्त्यात, ते ठरवून दिलं. नोंदवह्या तबरीझला ठेवल्या आणि प्रत्येक गावचा आकडा दगडावर, लाकडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरून गावातच लावायचा हुकूम काढला. पाटीवर नाही ते मागायचं नाही! वजनमापं तबरीझच्या मापानं एक केली, चांदीचं नाणं राज्यभर एका वजनाचं केलं. पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला पहिल्या वर्षी सारा माफ.

मला सगळ्यात भिडलं ते त्यानं आपल्या मंगोल सरदारांना सुनावलेलं. रयत लुटायचीच असेल तर मीही तुमच्याबरोबर येतो, पण बैल आणि बियाणं काढून घेतलंत तर पुढच्या साली खाल काय, असा त्याचा सवाल होता. यात दयेचा आव नाही, सरळ हिशेब आहे. म्हणूनच मला तो खरा वाटतो.

अर्थात हे लिहून ठेवलंय त्याच्याच वजिरानं, रशीदुद्दीननं. सुधारणा बहुतेक याच्याच डोक्यातल्या, तेव्हा धन्याची आणि स्वतःची बाजू तो उजळच मांडणार. हुकूम निघाला म्हणजे शेवटच्या खेड्यापर्यंत पाळला गेला असं मी धरत नाही. शिवाय खानाला वेळही मिळाला नाही. सीरियाच्या स्वाऱ्यांत त्याची ताकद गेली. १३०० मध्ये दमास्कस हाती आलं पण टिकलं नाही, १३०३ मध्ये तिथेच मोठा पराभव झाला आणि १३०४ च्या मे महिन्यात कझवीनजवळ तो वारला. वय अवघं बत्तीस.

आता मला तुमच्याकडून हवंय ते असं. चावडीवाचनाला गाव जमायचं तेव्हा लोक उठून हरकत घ्यायचे का? की सगळ्यांसमोर बोलायला कचरायचे आणि मागाहून एकेकटे तुमच्याकडे यायचे? सविस्तर लिहा, घाई नाही.

आईला नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुमची लेक